ब-५०४ मधल्या श्रीमती खान

खापर,
शुक्रवार, १६ जानेवारी

प्रिय सालेहाबी हिला कामिनी पाटीलचा नमस्कार आणि सलाम. (दोन्ही पाठवते आहे. तू दीड वर्षाने मोठी, त्यामुळे एकात भागवले तर तुझे तोंड आठवडाभर वाकडे राहील.) पाकिटात तिळगूळ घातला आहे. टपालात त्याची पूड झाली असेल तर पूड खा, पण बोल गोडच. हे पत्र हाताने का लिहिले असे विचारू नकोस. गेल्या महिन्यात मी तुला फोनवर चांगला चार परिच्छेदांचा मजकूर पाठवला होता, त्याला तू उत्तर म्हणून एक पिवळा अंगठा पाठवलास. नंतर माझ्या भावेशच्या आजारपणाचे कळवले, त्यालाही अंगठाच. कागदावर अंगठा उठवायचा तर शाई लावावी लागते, तेवढे कष्ट तू घेणार नाहीस आणि निमूटपणे दोन ओळी लिहिशील, असा माझा हिशेब आहे.

तुझा गुडघा कसा आहे? मुनव्वरभाईंचा नवा चष्मा आला का, की अजून हिरव्या बांगड्या निळ्या म्हणून विकणे चालू आहे? पथारीवर मिरची वाळायला पसरली असेल, तुमच्या गल्लीत सकाळपासून शिंका सुरू असतील. मला त्या शिंकांची आठवण येते म्हटले तर सुरतेत कोणाला पटत नाही. आठ महिने मी तिथे धडधाकट होते, एक शिंक नाही, आणि काल बसमधून खापरला उतरले, घराचे कुलूप काढले, मिरचीचा डबा उघडला आणि सलग सात शिंका आल्या. तेव्हा कुठे घरी पोचल्यासारखे वाटले.

आता मदिहाच्या घराचे. गणपतीत तू फोनवर म्हणालीस, “मन्ही पोर सुरतले एकली पडी गयी, तू तठे शे ना, जरा नजर ठेव.” मी शब्द दिला होता. तिला आणि जावई मुबीनला नोकरीच्या दवाखान्याने मागची एक खोली दिली आहे ती जानेवारीअखेर सोडायची आहे, तुझी नात लायबा आता रांगून चालायला लागली आहे आणि त्या खोलीत चालायचे म्हटले तर तीन पावलांवर भिंत लागते, हे सगळे माझ्या डोक्यात पक्के होते. त्या घराचे काय झाले ते मी या पत्रात सांगणारच आहे, पण क्रमाने सांगणार. तू कॉलेजात असताना पुस्तकाचे शेवटचे पान आधी वाचायचीस आणि मग मला सगळे सांगून टाकायचीस. तसे इथे करू नकोस. शेवटच्या पानावर नुसत्या पुरवण्या आहेत.

भावेश राहतो त्या इमारतीचे नाव ‘स्नेहसंगम हाइट्स’. दोन विंगा, एकशे बारा घरे. मला शहराचे कौतुक नाही हे तुला ठाऊक आहे, पण खरे ते खरे म्हणावे: सुरतेसारखे माणसांनी भरलेले गाव मी पाहिले नाही. हिऱ्याला पैलू पाडायला सौराष्ट्रातला माणूस, मागावर ओडिशातला, साडीच्या दुकानात राजस्थानातला, आणि उधन्याला उतरून हाक मारली तर निम्मे लोक आपल्या अहिराणीत ओ देतात. लिफ्टमध्ये मी आणि पाच जण असलो की पाच भाषांत “जरा सरका” ऐकू येते आणि सरकत कोणीच नाही. अस्सल सुरती माणूस मात्र मला पहिले दोन महिने सापडेना. शेवटी एक सापडला. तो आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी निघाला. चुनीलालभाई त्याचे नाव. वय सत्तर, कपडे पांढरे, बोलणे लोण्यासारखे. त्याच्याकडे मी पुढे येते.

पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी आमच्या घरच्या गुजरीत बोलले. (तुला सांगायला नको, पण पाकीट फोडून दुसऱ्या कोणी वाचले तर कळावे म्हणून लिहिते: आमचे पूर्वज कितीतरी पिढ्यांपूर्वी गुजरातेतून तापीकाठी आले, केळी आणि ऊस लावून बसले, आणि अजून घरात तीच भाषा बोलतात. त्या भाषेत अहिराणीने एवढी घुसखोरी केली आहे की तिची तिलाच ओळख उरलेली नाही.) चुनीलालभाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “बेन, आ कई बाजूनी मराठी छे?” मी म्हटले, ही गुजराती आहे. ते इतके हळहळले की जणू मी एखाद्या मयताची बातमी दिली. नंदुरबारला चाळीस वर्षे आम्हाला ‘गुजराती लोक’ म्हणतात, आणि खुद्द गुजरातेत आलो तर मराठी ठरलो. मी अहिराणीत ‘शे’ म्हटले की ते मला आल्याचा चहा पाजायचे, कारण ‘छे’ला सर्दी झाली की ‘शे’ होते अशी त्यांची ठाम समजूत.

ऑगस्टपासून आमच्याच विंगेतले सातशे तीन रिकामे. मालक कॅनडात. मुबीनने त्यांच्याशी फोनवर बोलून सगळे ठरवले, त्यांची काही तक्रार नाही, फक्त सोसायटीचे ना हरकत पत्र हवे. मी स्वतः अर्ज लिहिला (शुद्धलेखनाची एक चूक नाही) आणि चुनीलालभाईंच्या हातात दिला. त्यांनी तो कपाळाला लावला, खिशात ठेवला आणि म्हणाले, “जोईशुं.”

हा शब्द मी तुला समजावून सांगते. ‘जोईशुं’ म्हणजे पाहू. मराठीत त्याला ‘बघू’ म्हणतात, सरकारी कचेरीत ‘कार्यवाही सुरू आहे’ म्हणतात, अहिराणीत ‘देखसूत’ म्हणतात, आणि सगळ्या भाषांत त्याचा अर्थ एकच आहे: नाही. मी ऑक्टोबरात विचारले, ते म्हणाले पाण्याचा दाब कमी आहे. नोव्हेंबरात विचारले, म्हणाले लिफ्टवर ताण येतो. (ताण कोणाचा? मदिहाचा? तिला तू काय खाऊ घालतेस ते मला माहीत आहे आणि ते तिच्या अंगाला लागत नाही हेही माहीत आहे. लायबाचे वजन नऊ किलो.) त्याच महिन्यात चौथ्या मजल्यावर चार पैलवानी भाऊ दोन मोटारसायकली आणि एक पिठाची चक्की घेऊन राहायला आले, तेव्हा लिफ्टने हूं की चूं केले नाही. डिसेंबरात शेवटी चुनीलालभाई नजर जमिनीकडे लावून म्हणाले, “बेन, मारा मनमां कंई नथी. पण आपणी सोसायटीमां एवी वस्ती पहेलेथी ज नथी.” पहिल्यापासून तशी वस्तीच नाही, म्हणून आता नको. मी म्हटले, पहिल्यापासून तर लिफ्टही नव्हती. त्यांनी मला थेपल्यांचा डबा दिला. त्या माणसाशी भांडता येत नाही, सालेहा, तो मधेच खायला देतो.

इथपर्यंत मी हरले होते आणि तुला कळवायची मला लाज वाटत होती. खरे सांगते, त्या महिन्यात तू दोनदा फोन केलास तेव्हा मी अंघोळीला गेले नव्हते.

आता स्पर्धेचे. तिथल्या प्रभागात कोणा उत्सव समितीने ‘लघुभारत’ नावाची स्पर्धा काढली. ज्या सोसायटीत सगळ्यात जास्त प्रांतांचे, भाषांचे, धर्मांचे लोक गुण्यागोविंदाने राहतात तिला ढाल. परीक्षक येणार २५ जानेवारीला, रविवारी. चुनीलालभाई एकदम तरुण झाले. त्यांनी काजलबेन नावाच्या कमिटीतल्या बाईंना घरोघर शिरगणतीला पाठवले. काजलबेन पस्तिशीच्या, हुशार, पायात चाके बसवल्यासारख्या, पण समोरचा काय सांगतो त्यापेक्षा हातातल्या टॅबलेटमध्ये कुठला चौकोन मोकळा आहे याकडे त्यांचे लक्ष जास्त. त्या आल्या तेव्हा माझ्या हाताला बेसन होते, कुकरची तिसरी शिट्टी झाली होती आणि सून बाहेर गेली होती. मला प्रश्न पुरा होईपर्यंत थांबायची सवय नाही. तेहतीस वर्षे मी वर्गात प्रश्न विचारले आहेत, पुढचा प्रश्न काय येणार ते मला आधीच कळते. मी दारातून एका दमात सांगून टाकले: “कामिनी. खान्देशी. नंदुरबार. विधवा. बी.ए.” आणि गॅस बंद करायला आत गेले. बाहेर येईपर्यंत काजलबेन “थँक्यू आंटी” म्हणून शेजारच्या दारात पोचल्या होत्या.

त्यांच्या फॉर्मवर काय चौकोन होते ते मला नंतर कळले. पहिला चौकोन नाव. दुसरा आडनाव. तिसरा ‘देशी की परदेशी’, कारण काही घरांचे मालक अमेरिका-कॅनडात आहेत. तुझ्या लक्षात आले का? येईल. मला मात्र आले नाही, मी बेसन भिजवत बसले.

दुसऱ्या दिवशी फाटकावर गोवाल भेटला. गोवाल म्हणजे सोसायटीचा वॉचमन, आपल्याच मोलगीकडचा. पहिल्या आठवड्यात मी फाटकातून आत येताना त्याने सलाम ठोकला, माझ्याकडे नीट पाहिले आणि एकदम ताठ उभा राहून म्हणाला, “हजर, बाई!” माझ्याकडे आठवी ब मध्ये होता. डोंगरावरून पायी खाली येऊन वसतिगृहात राहायचा, आणि ‘आहे’ म्हणायच्या ठिकाणी भिलोरी शब्द आला की स्वतःच जीभ चावायचा. मी त्याला कधी त्यासाठी मारले नाही (एकदा सोडून). तो पंपाच्या खोलीशेजारी बायकोसह राहतो, सहा वर्षे झाली. मी विचारले, तुझे नाव लिहून नेले का? तो म्हणाला, “नेलं बाई. मॅडमनी भाषा विचारली. मी म्हटलं, कोणती सांगू? घरची, बाजारची, का शाळेतली? त्या म्हणाल्या, जाऊ दे, आणि लिहिलं.” काय लिहिले त्याचा त्याने फोनवर फोटो काढून ठेवला होता. नाव: गोवाल. भाषा: सिक्युरिटी.

मी त्या रात्री जेवले नाही. चार भाषा बोलणाऱ्या माणसाची भाषा सिक्युरिटी! आपल्या खापरच्या बाजारात एक तास उभे राहून बघ म्हणावे यांना. मिरच्या घेताना अहिराणी, कापड घेताना गुजराती, बांबूची टोपली घेताना भिलोरी किंवा पावरी, एस.टी.च्या कंडक्टरशी मराठी, आणि या कशानेही भाव उतरला नाही तर शेवटी हिंदी. तिथे कोणी कोणाचा तक्ता काढत नाही. टोपली विकणारी बाई तिच्या भाषेत जास्त भाव सांगते, मी माझ्या भाषेत कमी सांगते, आणि दोघी एकमेकींना लबाड म्हणतो ते दोघींना बरोबर कळते. मला अभिमान आहे, सालेहा. सुरत मोठे असेल, पण जे सुरतेने कारखाने काढून जमवले ते आपल्या जिल्ह्यात एका बाजारच्या दिवशी पायी चालत जमते.

तर सोमवारी लिफ्टशेजारी सूचना लागली. वर रंगीत वर्तुळ, त्याच्या फोडी. सौराष्ट्र पिवळा, राजस्थान केशरी, ओडिशा निळा, महाराष्ट्र लाल (आम्ही लाल), बिहार जांभळा, आणि अगदी टोकाला केसाएवढी एक हिरवी फोड. खाली प्रत्येक समाजाने रविवारी करायचा पदार्थ आणि करणाऱ्याचे नाव. ओडिशाचा दालमा, राजस्थानचे गट्टे, बिहारची लिट्टी. शेवटची ओळ मी चष्मा पुसून तीनदा वाचली:

‘मुस्लिम समाज (सदस्य १): शीरखुर्मा. श्रीमती कामिनी खान, ब-५०४.’

मदिहाचे घर सोड, सालेहा, त्या क्षणी मला फक्त लाल पेन हवे होते. खान्देश! साताठशे वेळा मी फळ्यावर लिहून दाखवले असेल. न अर्धा, पुढे दे. सुटा लिहिला की अर्धा गुण कापला. आणि इथे त्या बाईंनी त्याचे दोन तुकडे करून एक माझ्या आडनावात घातला आणि उरलेला ‘देशी’च्या चौकोनात! वर जाऊन मी भावेशला सांगितले. तो इतका हसला की त्याला उचकी लागली. मग गंभीर होऊन म्हणाला, “आई, प्लीज आता काही करू नको. फ्लेक्स छापून झालाय. रविवार झाला की गुपचूप दुरुस्त करून घेऊ.” गुपचूप. माझा मुलगा. मी त्याला इतकेच म्हटले की तुझ्या आजोबांच्या काळी लोक गुपचूप फक्त चोऱ्या करायचे. आणि पेन घेऊन खाली उतरले.

चुनीलालभाई कार्यालयात होते, काजलबेनही होत्या. मी यादी टेबलावर ठेवली, त्या ओळीवर लाल वर्तुळ काढले. चुनीलालभाईंनी वाचले. काजलबेनने वाचले आणि तोंडावर ओढणी धरली. “बेन, आ तो टायपिंगनी भूल छे,” चुनीलालभाई म्हणाले आणि त्यांचा हात आपोआप थेपल्यांच्या डब्याकडे गेला. मी डब्यावर हात ठेवला. म्हटले, आज नाही.

मी चूक दुरुस्त करायलाच गेले होते, हे तू लक्षात घे. मी फार डावपेचाची बाई नाही. मी पेनाने ‘खान’ खोडायला लागले, तोच चुनीलालभाई जवळजवळ ओरडले: “ना, ना! खोडू नका!” मग खरे कारण हळूहळू बाहेर आले. स्पर्धेत धर्मांचे गुण वेगळे आहेत. शेजारच्या सोसायटीत एक पारशी आजोबा आहेत. माझी हिरवी फोड गेली तर ‘स्नेहसंगम’ दुसरी येणार. आणि फ्लेक्सवर तर छापलेच आहे: ‘आमच्या येथे सर्व धर्मांचे लोक पहिल्यापासून एका कुटुंबाप्रमाणे राहतात.’

“पहिल्यापासून?” मी विचारले.

ते टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

“डिसेंबरात तुम्ही म्हणालात, पहिल्यापासून नाहीत. जानेवारीत छापलंत, पहिल्यापासून आहेत. दोन्हींखाली सही तुमची. कुठली सही खरी ते ठरवा, म्हणजे मला खोडायचं की नाही ते कळेल.”

काजलबेन ओढणीआडून म्हणाल्या, “अंकल, आंटी सही बोल रही हैं.” (या बाईबद्दल मी वर जे लिहिले ते मी परत घेत नाही, पण तेव्हापासून मला ती आवडते.) मी पुढे म्हटले, हे बघा चुनीलालभाई, तुमच्या कागदाप्रमाणे तुमच्या इमारतीत आठ महिने एक खानबाई राहते आहे. तिच्यामुळे पाण्याचा दाब कमी झाला? लिफ्ट अडकली? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तिच्याबद्दल कोणाची तक्रार? ते म्हणाले, “एक छे. शिस्त बहु राखे छे.” मी म्हटले, ती तर तिचा धर्म कुठलाही असता तरी आली असती. मग माझ्याकडे दोन रस्ते आहेत: मी आत्ता खोडते आणि तुमची यादी खरी होते पण फोड जाते, किंवा तुम्ही सातशे तीनच्या अर्जावर सही करता आणि तुमची फोड खरी होते. एकाच्या जागी तीन सदस्य. लायबा धरून.

सालेहा, माणूस विचार करतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय होते ते मी परीक्षेच्या खोलीत खूप पाहिले आहे. आधी उत्तर आठवते, मग ते लिहायची भीती वाटते. चुनीलालभाईंनी माझ्या लाल वर्तुळावर बोट ठेवले. त्यांनी मग काय सांगितले ते मला अपेक्षित नव्हते. त्यांचे वडील जरीकाम करायचे, दुकान भागीत, भागीदाराचे नाव उस्मानभाई, आणि लहानपणी ईदच्या सकाळी चुनीलालभाईंना त्या घरी सगळ्यात आधी वाटी मिळायची. ती गल्ली सोडून वर्षे लोटली. “पछी कोईए आपी नथी,” ते म्हणाले. नंतर कोणी दिली नाही. मी म्हटले, तुम्ही लिफ्टचे कारण सांगून वाटी खालीच थांबवलीत तर ती वर कशी येणार? ते हसले. मग खिशातून माझा अर्ज काढला. चार महिने तो त्यांच्या खिशात होता, कडा धुऊन मऊ झाल्या होत्या. त्यावर सही केली. मग संध्याकाळी कमिटी बोलावली. दोघांनी तोंडे पाडली, एकाने ‘जोईशुं’ म्हटले, तेव्हा चुनीलालभाईंनीच सांगितले की जोऊन झाले आहे, आठ महिने जोई राहिलो आहोत. पत्रावर शिक्का बसला. मुबीनला ते मी हातोहात नेऊन दिले. मदिहा रडली, मी तिला गप्प बसवले, मग लायबा रडली, तिला कोणीच बसवू शकले नाही.

आणि आता गंमत बघ. चार महिने ज्यांना घाई नव्हती त्यांना आता दम निघत नाही. रोज चुनीलालभाईंचा फोन: सामान कधी आणणार? रविवारी दहाला परीक्षक येणार, त्याआधी राहायला यायलाच हवे, दारावर पाटी हवी, पाटी सोसायटी करून देईल, टेम्पो सोसायटी देईल, लिफ्ट सकाळभर सातशे तीनसाठी राखून ठेवू. मी म्हटले, लिफ्टवर ताण येईल.

एक काम राहिले होते ते मी निघायच्या आधी उरकले. गोवालची ओळ मी स्वतः लाल पेनाने दुरुस्त केली, काजलबेनने नवी छापली. भाषा: भिलोरी, अहिराणी, मराठी, हिंदी. गोवालने पाचवी सांगितली, गुजराती. तीही घातली. सोसायटीत त्याच्याएवढ्या भाषा येणारे दुसरे कोणी नाही, त्यामुळे रविवारी परीक्षकांना इमारत तोच दाखवणार आहे. त्याने माझ्याकडून भाषण लिहून मागितले. मी दिले नाही. म्हटले, उभा राहा आणि हजर म्हण, पुढचे आपोआप येईल.

मुनव्वरभाईंना सलाम, गुडघ्याला तेल, आणि तुला जे काय तुला हवे असेल ते. पत्राचे उत्तर शब्दांत पाठव.

तुझी
कामिनी
(पाटील. अजून.)

ता. क. १ — शीरखुर्म्याची ओळ तशीच आहे. खोडायची राहून गेली असे नाही, मी खोडली नाही. काजलबेनने विचारले, आंटी, जमेल ना? मी म्हटले, आमच्याकडे घरोघर होतो. यात खोटे काही नाही. ‘आमच्याकडे’ म्हणजे नंदुरबारला आणि ‘घरोघर’ म्हणजे तुझ्याकडे. चाळीसहून जास्त ईदा मी तुझ्याकडे तो खाल्ला आहे आणि एकदाही तुझ्या स्वयंपाकघरात डोकावले नाही, हे मला आत्ता आठवते आहे. कृती लिहून पाठव. माणसे साडेतीनशे.

ता. क. २ — कृती पाठवू नकोस. मी करून पाहिला, दूध, शेवया, खजूर, सगळे होते. खीर झाली. चांगली झाली, पण खीर. तू स्वतः ये. शनिवारी सकाळच्या सुरत गाडीत बस, मोठे पातेले मुनव्वरभाईंच्या मांडीवर दे, मी तोवर सुरतेला परतलेली असेन आणि स्टेशनवर उभी असेन. (पत्रातली सगळी हकीकत मी या एका ओळीसाठी लिहिली असे तू म्हणशील. म्हण.)

ता. क. ३ — वर मी बाजाराचा अभिमान बराच लिहिला आहे. तू हसत असशील, आणि का हसतेस ते मला माहीत आहे, म्हणून मीच लिहून मोकळी होते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी तुझ्या घरी अभ्यासाला यायचे तेव्हा दप्तरात स्वतःचा पेला आणायचे. पितळेचा, नाव कोरलेला. मावशीने शपथ घातली होती, असे मी सांगायचे. मावशीने फक्त सांगितले होते, शपथ मीच जोडली. तीन महिने तुझ्या अम्मींनी त्या पेल्यात पाणी ओतले आणि एक शब्द बोलल्या नाहीत. मग एक दिवस मी तो न्यायला विसरले. तो तुझ्या फडताळात अजून आहे, चिंच लावून घासतेस, मला दिसले आहे. मी चुनीलालभाईंवर लाल पेन उगारले तेव्हा तो पेला मला आठवत होता, म्हणून आवाज जरा जास्तच चढला. येताना तो घेऊन ये. शीरखुर्मा वाढायला माप लागेल. पहिला पेला चुनीलालभाईंना.

ता. क. ४ — मदिहाला निरोप दे. सोसायटीच्या फॉर्मवर आडनाव मणियारच लिहायचे, कोणी विचारले ‘मग खान कोण’ तर ब-५०४ कडे बोट दाखवायचे. मूळ गावापुढे नंदुरबार, आणि कंसात खान्देश. तिला तिच्या पिढीची घाई, ती सुटे लिहील. सांग, कामिनीमावशीने बजावले आहे: न अर्धा, द ला जोडून. मध्ये जागा सोडली तर अर्धा गुण कापीन.